कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी कोण जागं होतं? बायोस, यूईएफआय, कोअरबूट, यू-बूट यांतलं डेव्हलपरनं काय निवडावं?

१३ ऑगस्ट २०२४. विंडोजचं दर महिन्याला येतं तसं सुरक्षा अपडेट आलं. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स असं दोन्ही ठेवणाऱ्या अनेकांनी ते नेहमीसारखं टाकलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि यादीतून लिनक्स निवडलं. समोर काळा पडदा आणि त्यावर एक संदेश. त्याचा अर्थ एवढाच की काहीतरी गंभीर बिघडलं आहे. मग मशीन आपोआप बंद.

गंमत म्हणजे हार्ड डिस्क ठणठणीत होती. लिनक्सच्या फायली जिथल्या तिथे होत्या. विंडोजही व्यवस्थित चालत होतं. अडलं होतं ते या दोघांच्याही आधी काम करणाऱ्या एका थरात. त्याचं नाव बूट फर्मवेअर.

आपण प्रोसेसर कुठला, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कसलं यावर तासन् तास चर्चा करतो. पण बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जो प्रोग्राम चालतो त्याच्याकडे कोणी बघत नाही. तुम्ही कोडिंग करत असाल, शिकत असाल किंवा नुसतं लिनक्स टाकून बघायचा विचार असेल, तर या थराची ओळख असायलाच हवी. यात पर्याय किती आहेत, त्यांच्यात फरक काय आणि कोणासाठी काय योग्य, हे समजून घेऊया.

आधी हे सांगा, फर्मवेअर करतं काय?

बटण दाबलं की प्रोसेसरला वीज मिळते. पण त्या क्षणी त्याला काहीच माहीत नसतं. रॅम किती आहे, डिस्क कुठे आहे, स्क्रीन आहे की नाही, सगळाच अंधार. त्याला फक्त एक गोष्ट ठाऊक असते. एका ठरलेल्या पत्त्यावर जायचं आणि तिथली पहिली सूचना पाळायची.

त्या पत्त्यावर मदरबोर्डवरची एक छोटी फ्लॅश चिप जोडलेली असते. बऱ्याचदा आठ पायांची आणि नखाएवढी. आजच्या लॅपटॉपमध्ये तिची क्षमता साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइट असते. व्हॉट्सअॅपवर आलेला एखादा व्हिडिओही याहून मोठा असतो. पण अख्खं मशीन जागं करायची जबाबदारी तिच्यातल्या कोडवर असते.

हा कोड मुख्यतः तीन कामं करतो.

पहिलं, हार्डवेअर जागं करणं. यातलं सगळ्यात अवघड काम रॅमचं. रॅम सुरू करणारा कोड रॅममध्ये ठेवता येत नाही, कारण रॅम अजून सुरूच झालेली नसते. म्हणून अनेक मशीनमध्ये प्रोसेसरच्या आतली कॅश थोडा वेळ रॅमसारखी वापरली जाते.

दुसरं, मशीनमध्ये काय काय आहे याची माहिती ऑपरेटिंग सिस्टीमला देणं. लॅपटॉप आणि डेस्कटॉपवर ही माहिती एसीपीआय नावाच्या तक्त्यांतून जाते. छोट्या एआरएम बोर्डांवर बहुतेक वेळा डिव्हाइस ट्री नावाची फाइल हे काम करते.

तिसरं, पुढचा प्रोग्राम शोधून त्याच्या हाती सूत्रं देणं. हा पुढचा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर किंवा थेट ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल.

कामं तीच. पण ती कोण करतं, किती उघडपणे करतं आणि तुम्हाला त्यात किती हात घालू देतं, यावरून पर्याय वेगळे होतात.

बायोस: चार दशकांचा वारसा

बायोस हा शब्द आला गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीममधून, १९७०च्या दशकात. पण तो घराघरांत पोहोचला ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीमुळे.

आयबीएमनं या बायोसचा सोर्स कोड आपल्या तांत्रिक पुस्तिकेत चक्क छापला होता. तो वाचता येत होता, पण कॉपीराइटमुळे उचलता येत नव्हता. मग कॉम्पॅक कंपनीनं एक शक्कल लढवली. एका टीमनं बायोस नेमकं काय करतं ते लिहून काढलं. मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या टीमनं त्या वर्णनावरून नवा कोड लिहिला. त्यातून १९८२ मध्ये कॉम्पॅक पोर्टेबल जाहीर झाला. पुढे १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीनं असंच बायोस तयार करून ते इतर कंपन्यांना विकायला सुरुवात केली. आज आपण ज्याला पीसी म्हणतो तो कुठल्याही कंपनीचा असू शकतो, याचं एक मोठं कारण म्हणजे हे बायोस.

बायोसची पद्धत सरळ आहे. डिस्कचा पहिला सेक्टर उचलायचा. तो फक्त ५१२ बाइटचा. त्यात बूट कोडसाठी जागा ४४६ बाइट. उरलेल्या जागेत मुख्यतः चार पार्टिशनची नोंद आणि शेवटी दोन बाइटची खूण. ती खूण सापडली की कोड चालवायचा. बास.

साधेपणा हीच त्याची ताकद होती आणि तीच मर्यादाही ठरली. या पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटचा असल्यानं नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टेराबाइटच्या पुढची डिस्क पूर्ण वापरता येत नाही. सुरुवात १६ बिटच्या जुन्या मोडमध्ये होते. शिवाय त्या पहिल्या सेक्टरमध्ये कोणाचा कोड आहे हे बायोस विचारतच नाही. जो बसला असेल त्याला चालवतं.

इंटेलनं २०१७ मध्ये जाहीर केलं की २०२० पर्यंत आपल्या प्लॅटफॉर्मवरून जुन्या बायोसचा आधार काढून घेतला जाईल. म्हणजे नव्या मशीनसाठी हा पर्याय जवळपास संपलेलाच. तरी आजही लोक सेटिंगच्या निळ्या स्क्रीनला 'बायोस' म्हणतात. आत मात्र बहुतेक वेळा दुसरंच काही असतं.

यूईएफआय: बहुधा तुमच्याच लॅपटॉपमध्ये असलेलं

१९९०च्या दशकात इंटेल आयटेनियम नावाचा मोठ्या सर्व्हरसाठीचा प्रोसेसर बनवत होती. त्याला जुनं बायोस पुरणार नव्हतं. त्यातून ईएफआय जन्माला आलं. २००५ मध्ये ते अनेक कंपन्यांच्या एका मंचाकडे सोपवलं गेलं आणि त्याचं नाव झालं यूईएफआय.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यूईएफआय हे एखादं सॉफ्टवेअर नाही, तो नियमांचा संच आहे. फर्मवेअरनं ऑपरेटिंग सिस्टीमशी कुठल्या भाषेत बोलायचं हे तो ठरवतो. त्यानुसार लिहिलेला मुक्त कोडही उपलब्ध आहे, टियानोकोअर प्रकल्पातला ईडीके टू. एएमआय, इनसाइड, फिनिक्स अशा कंपन्या आपापलं फर्मवेअर बनवतात आणि लॅपटॉप कंपन्या ते घेऊन त्यात स्वतःची भर घालतात. तुमच्या मशीनपर्यंत येणारं अंतिम फर्मवेअर मात्र सहसा बंदिस्त असतं.

डेव्हलपरच्या दृष्टीनं यूईएफआयमध्ये बरंच काही आहे. पहिल्या सेक्टरची कसरत नाही. डिस्कवर फॅट प्रकारचं एक छोटं पार्टिशन असतं आणि त्यात बूटलोडर साध्या फाइलसारखा ठेवलेला असतो. ही फाइल विंडोजच्या ईएक्सई फायलींच्याच घराण्यातली असते. सी किंवा रस्टमध्ये यूईएफआयसाठी प्रोग्राम लिहून पेन ड्राइव्हवरून चालवता येतो. नेटवर्कवरून बूट करता येतं. मोठ्या डिस्कची अडचण नाही.

मग तक्रार कसली? आकाराची. यूईएफआयमध्ये स्वतःचे ड्रायव्हर आहेत, नेटवर्कचा स्वतःचा कोड आहे, अगदी लोगोचं चित्र दाखवणाराही कोड आहे. थोडक्यात, ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. नमनालाच घडाभर तेल. आणि जितका कोड जास्त, तितक्या चुकांना जागा जास्त.

डिसेंबर २०२३ मध्ये बायनार्ली या सुरक्षा कंपनीनं 'लोगोफेल' नावाच्या त्रुटी उघड केल्या. सुरुवातीला दिसणारं कंपनीचं चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच दोष होते. मुद्दाम बिघडवलेलं चित्र तिथे ठेवलं तर हल्लेखोराला ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी आपला कोड चालवता येत होता. राखणदारी ज्याच्याकडे, त्याच थरात खिंडार. कुंपणानंच शेत खायचा प्रकार.

सिक्युअर बूट: दारावरची यादी कोणाच्या हातात?

आता सुरुवातीच्या घटनेकडे येऊया.

बायोस कोणालाही आत सोडायचं. त्यावर यूईएफआयचा उपाय म्हणजे सिक्युअर बूट. लग्नाच्या हॉलच्या दारावर यादी घेऊन माणूस उभा असावा तसं. फर्मवेअरमध्ये दोन याद्या असतात. ज्यांच्या सहीवर विश्वास ठेवायचा त्यांची एक, आणि ज्यांना अजिबात आत घ्यायचं नाही त्यांची दुसरी. बूटलोडरवर ओळखीची डिजिटल सही नसेल तर तो चालतच नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत हे सरसकट आलं. जवळपास प्रत्येक लॅपटॉपच्या यादीत मायक्रोसॉफ्टची किल्ली असते. मग लिनक्सचं काय? लिनक्सच्या मंडळींनी मधला मार्ग काढला. 'शिम' नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेतली. फर्मवेअर शिमवर विश्वास ठेवतं, शिम पुढच्या बूटलोडरवर आणि बूटलोडर कर्नलवर. ही झाली विश्वासाची साखळी.

ग्रब नावाच्या लोकप्रिय बूटलोडरमध्ये २०२२ मध्ये एक सुरक्षा दोष सापडला होता. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं अशा जुन्या, दोष असलेल्या बूटलोडरना काळ्या यादीत टाकलं. दोन सिस्टीम असलेल्या मशीनवर हे लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनं म्हटलं होतं. पण काही मशीनवरची अशी मांडणी त्यांच्या तपासणीला ओळखताच आली नाही. परिणाम आपण वर पाहिलाच.

म्हणजे चूक कोणाची? जुना बूटलोडर अडवणं सुरक्षेच्या दृष्टीनं बरोबरच होतं. पण तुमच्या मशीनवर काय सुरू व्हावं याची यादी दुसऱ्याच्या हातात आहे, आणि ती तुम्हाला न विचारता बदलू शकते, हेही त्यातून स्पष्ट झालं. ही यादी नसती तरी धोका होताच. 'ब्लॅकलोटस' नावाच्या मालवेअरनं, जुन्या सदोष पण सही असलेल्या फायली वापरून सिक्युअर बूटलाच चकवलं होतं. इसेट कंपनीनं मार्च २०२३ मध्ये त्याचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. म्हणजे यादी हवीच, आणि ती ताजीही हवी.

याच संदर्भात आणखी एक तारीख लक्षात ठेवा. सिक्युअर बूटसाठी वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्यानं संपते. त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रं घेतात. मुदत संपली म्हणून मशीन लगेच बंद पडत नाही. पण नवी प्रमाणपत्रं आलेली नसतील, तर पुढे येणारे नव्या सहीचे बूटलोडर आणि त्यांचे सुरक्षा अपडेट त्या मशीनला मिळत नाहीत. त्यामुळे फर्मवेअर आणि सिस्टीम अपडेट टाळू नका.

कोअरबूट: झाकण उघडून बघणाऱ्यांसाठी

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी लिनक्सबायोस नावाचा प्रकल्प सुरू केला. शेकडो कॉम्प्युटरचा एकत्रित समूह सांभाळताना बंदिस्त बायोसचा अडथळा होत होता, त्यातून हा विचार आला. २००८ मध्ये त्याचं नाव बदलून कोअरबूट झालं.

कोअरबूटचं तत्त्व सोपं आहे. हार्डवेअर जागं करण्यापुरतंच काम करायचं आणि बाजूला व्हायचं. पुढचं काम 'पेलोड' करतो. तो पेलोड कुठला, हे तुम्ही ठरवता. जुनी बायोस पद्धत हवी असेल तर सीबायोस. यूईएफआय हवं असेल तर ईडीके टू. ग्रब ठेवू शकता. थेट लिनक्स कर्नलही ठेवता येतो. म्हणजे कोअरबूट आणि यूईएफआय हे एकमेकांचे शत्रू नाहीत. कोअरबूटच्या खांद्यावर यूईएफआय बसू शकतं.

हे फक्त हौशी लोकांचं खेळणं आहे असं समजू नका. गुगलच्या क्रोमबुकमध्ये कोअरबूट असतं. सिस्टम७६, प्युरिझम, स्टार लॅब्ज या कंपन्या कोअरबूट असलेले लॅपटॉप विकतात.

मग आपल्या लॅपटॉपवर लगेच टाकायचं का? इथेच खरी मेख आहे.

एक, तुमचं नेमकं मॉडेल कोअरबूटच्या यादीत असावं लागतं. जवळपास तसंच मॉडेल चालत नाही. बोर्ड वेगळा तर सगळंच वेगळं.

दोन, इंटेलच्या २०१३ नंतरच्या अनेक मशीनमध्ये बूट गार्ड नावाची सोय असते. लॅपटॉप कंपनी आपल्या किल्लीची खूण कारखान्यातच चिपमध्ये कायमची कोरते. मग त्या सहीशिवाय दुसरं फर्मवेअर चालतच नाही. थिंकपॅड एक्स२३० सारख्या जुन्या मॉडेलना या वर्तुळात आजही मागणी आहे ती यामुळेच.

या कोरलेल्या किल्लीची दुसरी बाजूही आहे. २०२३ मध्ये एमएसआय कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या गुप्त किल्ल्या बाहेर फुटल्या. त्यात बूट गार्डच्या किल्ल्याही होत्या. घराची किल्ली हरवली तर कुलूप बदलता येतं. इथे कुलूपच भिंतीत ओतलेलं.

तीन, कोअरबूट मुक्त असलं तरी सगळंच मुक्त नसतं. इंटेलच्या नव्या प्रोसेसरवर रॅम सुरू करायला इंटेलनं दिलेला बंदिस्त भाग वापरावा लागतो. शिवाय मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक छोटा स्वतंत्र प्रोसेसर आणि त्याचं स्वतःचं फर्मवेअर असतं ते वेगळंच.

ज्यांना शक्य तेवढं मुक्त सॉफ्टवेअर हवं पण सगळं स्वतः बांधायची दगदग नको, त्यांच्यासाठी लिबरबूट आहे. कोअरबूट, पेलोड आणि सेटिंग असं सगळं ठरावीक जुन्या मशीनसाठी ते तयार करून देतं.

लिनक्सबूट: सर्व्हरवाल्यांची युक्ती

सर्व्हर सुरू व्हायला कधीकधी मिनिटं लागतात. यूईएफआय आपले ड्रायव्हर चालवतं, नेटवर्क उभं करतं. मग लिनक्स येतं आणि तेच सगळं पुन्हा स्वतःच्या पद्धतीनं करतं. गुगलमध्ये काम करत असताना रॉन मिनिच आणि सहकाऱ्यांनी विचारलं, की एकच काम दोनदा कशाला?

त्यातून आलेल्या लिनक्सबूट प्रकल्पाची घोषणा लिनक्स फाउंडेशननं जानेवारी २०१८ मध्ये केली. यात सुरुवातीचं हार्डवेअर जागं करणारा भाग तसाच ठेवतात. तो कोअरबूटचा असू शकतो किंवा कंपनीच्या यूईएफआयचा. नंतरच्या मोठ्या भागाच्या जागी मात्र लिनक्स कर्नल बसवतात. मग तो कर्नल खरी ऑपरेटिंग सिस्टीम शोधून सुरू करतो. त्यासोबत यू-रूट नावाचा, गो भाषेत लिहिलेल्या साधनांचा संच वापरता येतो.

फायदा असा की हजारो डेव्हलपरनी रोज तपासलेले लिनक्सचे ड्रायव्हर फर्मवेअरमध्ये मिळतात. चूक शोधायलाही ओळखीची साधनं हाताशी असतात. पण हा पर्याय हजारो सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा. घरच्या लॅपटॉपसाठी याचा आटापिटा कमीच जण करतील.

यू-बूट: राउटरपासून छोट्या बोर्डपर्यंत

तुमच्या घरातल्या वाय-फाय राउटरमध्ये यू-बूट असण्याची शक्यता बरीच आहे. जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आधी पॉवरपीसी प्रोसेसरपुरता होता. २००२ मध्ये तो इतर प्रोसेसरसाठी खुला झाला आणि यू-बूट या नावानं ओळखला जाऊ लागला. आज एआरएम बोर्डांच्या जगात त्याचा बोलबाला आहे.

लॅपटॉपमध्ये फर्मवेअर आणि बूटलोडर अशी दोन वेगळी माणसं असतात. यू-बूट बऱ्याचदा दोन्ही कामं एकटंच करतं. आधी त्याचा एक छोटा भाग रॅम सुरू करतो, मग मुख्य भाग येतो, तो कर्नल आणि डिव्हाइस ट्री उचलतो आणि पुढे पाठवतो.

डेव्हलपरना ते आवडतं ते त्याच्या कमांड लाइनमुळे. बोर्डाला सीरियल केबल जोडायची, सुरू होताना एक बटण दाबून त्याला थांबवायचं, आणि मग नेटवर्कवरून नवा कर्नल ओढून लगेच चालवून बघायचा. दर वेळी एसडी कार्ड काढा-घाला नको. यूईएफआयचा काही भागही ते आता समजतं, त्यामुळे साध्या लिनक्स वितरणांना अशा बोर्डांवर सुरू होणं सोपं झालं आहे.

रिस्क-फाइव्ह प्रकारच्या लिनक्स बोर्डांवर ओपनएसबीआय आणि यू-बूट ही जोडी नेहमी दिसते. रिस्क-फाइव्हशी आपलाही संबंध आहे. आयआयटी मद्रासचे 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे 'वेगा' हे दोन्ही प्रोसेसर याच मुक्त रचनेवर आधारलेले आहेत. एम्बेडेड क्षेत्रात करिअर करायचं असेल तर ही जोडी शिकणं वाया जाणार नाही.

कंपनीत उत्पादन बनवत असाल तर परवान्याकडेही बघा. यू-बूट आणि कोअरबूट जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतात. त्यात बदल करून उत्पादन विकलं तर त्या बदलांचा सोर्स कोड ग्राहकाला द्यावा लागतो. ईडीके टूचा बीएसडी प्रकारचा परवाना ही अट घालत नाही. हा फरक अनेकदा तांत्रिक फरकापेक्षा मोठा ठरतो.

मग तुम्ही काय निवडावं?

वेब किंवा अॅप डेव्हलपर असाल, तर मशीनसोबत आलेलं यूईएफआय ठेवा. सिक्युअर बूट चालू ठेवा. फर्मवेअर अपडेट वेळेवर टाका. लिनक्सवर अनेक कंपन्यांच्या मशीनसाठी एफडब्ल्यूयूपीडी या साधनातून हे अपडेट मिळतात.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणार असाल, तर दोन्हीकडचे अपडेट नियमित टाका. जुना बूटलोडर वर्षानुवर्षं तसाच ठेवणं सगळ्यात धोक्याचं. स्वतः तयार केलेले किंवा बाहेरून घेतलेले कर्नल ड्रायव्हर वापरायचे असतील, तर सिक्युअर बूट कायमचं बंद करण्याऐवजी स्वतःची किल्ली शिममध्ये नोंदवून त्यांवर सही करायला शिका.

ऑपरेटिंग सिस्टीम किंवा बूटलोडर लिहायला शिकत असाल, तर खऱ्या मशीनला हातच लावू नका. क्यूईएमयू हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. पीसीसारखं आभासी मशीन उभं केलं की त्यात साधारणपणे सीबायोस आपोआप असतं, म्हणजे ५१२ बाइटचा बूट सेक्टर लिहून बघता येतो. मग ओव्हीएमएफ नावाची यूईएफआयची फाइल जोडा आणि तोच प्रयोग नव्या पद्धतीनं करा. बिघडलं तर खिडकी बंद करून पुन्हा सुरू. नुकसान शून्य.

आपल्या मशीनवर आपला जास्तीत जास्त ताबा हवा असेल, तर कोअरबूट. पण हातातल्या लॅपटॉपवर ते बसवायचा हट्ट धरण्यापेक्षा ते असलेलंच किंवा यादीत असलेलं मशीन घ्या.

एम्बेडेड बोर्डांवर काम असेल तर यू-बूट. डेटा सेंटरमध्ये असाल तर लिनक्सबूट.

हात लावण्याआधी या चार गोष्टी

पहिली, बिटलॉकरची रिकव्हरी किल्ली. विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये बदल केल्यावर ती ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती नसेल तर डेटा गेला. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. आधी किल्ली कागदावर लिहून ठेवा.

दुसरी, जुन्या फर्मवेअरची प्रत. कोअरबूटसारखं काही टाकण्याआधी चिपमधला मजकूर निदान दोनदा वाचून घ्या आणि दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत का ते तपासा. बाहेरच्या प्रोग्रामरनं चिप लिहिणार असाल तर व्होल्टेज बघा. काही स्वस्त प्रोग्रामर ३.३ व्होल्टच्या चिपच्या डेटा लाइनवर ५ व्होल्ट देतात.

तिसरी, अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. लॅपटॉप चार्जरला लावलेला आणि बॅटरीही भरलेली हवी. लोडशेडिंगच्या वेळेत हा उद्योग नको.

चौथी, ऑपरेटिंग सिस्टीममधूनही फर्मवेअर बिघडू शकतं, हे विसरू नका. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० ची डाउनलोड लिंक काही काळ काढून घ्यावी लागली होती, कारण त्यातल्या एका ड्रायव्हरमुळे काही लेनोवो आणि इतर लॅपटॉपवर फर्मवेअरची सेटिंग सेव्हच होईनात. लिनक्समध्ये यूईएफआयच्या सेटिंग फायलींसारख्या दिसतात. त्या पुसल्यामुळे काही लॅपटॉप कायमचे बंद पडल्याची उदाहरणं २०१६ मध्ये समोर आली. त्यानंतर लिनक्सनं त्यातल्या बऱ्याच फायली सहज पुसता येणार नाहीत अशी सोय केली.

आजच तपासून बघा

तुमच्या मशीनवर नेमकं काय आहे हे बघायला एक मिनिट पुरेल. विंडोजमध्ये स्टार्टवर जाऊन 'सिस्टीम इन्फर्मेशन' शोधा. त्यात 'बायोस मोड' या ओळीसमोर 'लेगसी' किंवा 'यूईएफआय' लिहिलेलं असेल. खाली सिक्युअर बूट चालू आहे की बंद तेही दिसेल. लिनक्समध्ये 'सिस' फोल्डरातल्या 'फर्मवेअर' फोल्डरात 'ईएफआय' नावाचा फोल्डर असेल, तर मशीन यूईएफआयनं सुरू झालं आहे.

त्याच पानावर फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीखही सापडेल. ती तीन-चार वर्षं जुनी असेल तर कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर आपल्या मॉडेलसाठी नवं काही आलं आहे का ते बघा. बिटलॉकरची किल्ली लिहून ठेवा आणि मगच अपडेट करा. निवड यूईएफआयची असो की कोअरबूटची, दारावरची यादी कोण ठेवतं आणि ती शेवटची कधी बदलली, एवढं तरी मशीनच्या मालकाला माहीत असायला हवं.